ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिका आयुक्तांना खुले पत्र : आधी सपाट जमीन, मग बर्फ

प्रति,
मा. आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
प्रत : दोन्ही महापालिकांचे शहर अभियंता आणि क्रीडा विभाग

विषय : आर्टिस्टिक रोलर स्केटिंग आणि फिगर स्केटिंगसाठी रिंक बांधताना काय करावं, काय टाळावं

महोदय / महोदया,

अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू झाली की क्रीडासंकुलांच्या कामांत ‘स्केटिंग रिंक’ ही एक ओळ येते. त्या एका ओळीत स्पीड, रोलर हॉकी आणि आर्टिस्टिक असे तीन वेगळे खेळ कोंबलेले असतात. अलीकडे त्यात ‘आइस रिंक’ची मागणीही ऐकू येते. हे पत्र आर्टिस्टिकबद्दल (चाकांच्या बुटांवर, संगीताच्या साथीने उड्या आणि गिरक्या घेण्याचा खेळ) आणि तिच्या बर्फावरच्या बहिणीबद्दल, म्हणजे फिगर स्केटिंगबद्दल आहे. मागणी अशी : प्रत्येक शहरात छप्पर असलेली, काटेकोर सपाट, ५० मीटर बाय २५ मीटरची एक जमीन द्या आणि तिच्यावर आर्टिस्टिकसाठी रोजचे ठरावीक तास राखून ठेवा. बर्फाचा विचार त्यानंतर करा, पण करा तेव्हा नीट करा.

चाकं म्हणजे बर्फ मिळत नाही म्हणून केलेली तडजोड, असं कुणाला वाटेल. तारा लिपिन्स्की ही अमेरिकन मुलगी १९९७ मध्ये चौदाव्या वर्षी जागतिक विजेती झाली आणि १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी तिने सुवर्णपदक मिळवलं. तिसऱ्या वर्षी तिच्या पायांत आले ते रोलर स्केट्स. बर्फावर ती सहाव्या वर्षी उतरली, चाकं तरीही सोडली नाहीत आणि नवव्या वर्षी चाकांवरच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिली आली. आपल्याकडचंच बघायचं तर २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामाने आर्टिस्टिक रोलरमध्ये एकेरीत कांस्य मिळवलं आणि अवनी पांचाळबरोबर जोडीतही कांस्य मिळवलं. बर्फावर भारतातर्फे उतरणारी तारा प्रसाद अमेरिकेत वाढली आणि तिथेच शिकली. यातून काय घ्यायचं ते उघड आहे : इथल्या मुलांसाठी आधी चाकांची जमीन हवी.

चाकांवरून बर्फावर काय नेता येतं, हेही सांगायला हवं. टो लूप, सॅलकाऊ, लूप, फ्लिप, लट्झ, अ‍ॅक्सल हे जंप दोन्हीकडे आहेत. उडताना हात-पाय झटकन जवळ घेऊन अंग एका अक्षावर आणणं, उतरायच्या आधी हात उघडून फिरकी थोपवणं, मागे जात बाहेरच्या एजवर (चाकांच्या किंवा ब्लेडच्या बाहेरच्या कडेवर) एका पायाने उतरणं आणि वेग न सांडता पुढे निघणं, हे सगळं चाकांवर पक्कं होतं. ब्लेडच्या वक्रावर तोल धरून घेतलेली स्पिन (जागच्या जागी गिरकी), आडवं घासत थांबणं आणि टो-पिक (ब्लेडच्या टोकाचे दात) बर्फात रोवून उडणं मात्र बर्फावरच शिकावं लागतं. रोलरचा बूट जडही असतो, त्यामुळे ब्लेडवर गेलेली मुलगी सुरुवातीला जंपमध्ये जास्त फिरून जाते. ती सवय थोड्या आठवड्यांत बसते. वाकड्या जमिनीवर लागलेली सवय मात्र वर्षानुवर्षं जात नाही, म्हणून या पत्राचा मोठा भाग जमिनीवरच खर्ची पडणार आहे.

त्याआधी वयाचं गणित. फिगर स्केटिंग म्हटलं की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची विजेतेपदं डोळ्यांपुढे येतात. ते दिवस नियमानेच संपवले. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या कामिला वालिएवाचं उत्तेजक चाचणीचं प्रकरण घडलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने सीनिअर गटाचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने वाढवलं : २०२३-२४ च्या हंगामात सोळा, २०२४-२५ पासून सतरा. वय मोजतात ते हंगामाआधीच्या १ जुलैला. जपानची माओ शिमादा २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं ज्युनिअर जागतिक विजेती झाली, तिहेरी अ‍ॅक्सल आणि चौपट टो लूप करत होती. तिचा जन्म ऑक्टोबर २००८ चा, त्यामुळे १ जुलै २०२५ ला सतरा पूर्ण नव्हती आणि २०२६ च्या मिलान ऑलिंपिकचं दार तिच्यासाठी बंद होतं.

आपल्यासाठी याचा अर्थ असा की सहाव्या वर्षी आलेली मुलगी मोठ्या स्पर्धेत उतरण्याजोगी व्हायला अकरा वर्षं लागतात. एका नगरसेवकाच्या दोन टर्म उलटतात तरी ती ज्युनिअरच असते. तीन वर्षांत पदक दाखवा, अशी घाई करण्याचं आता नियमांच्या दृष्टीनेही कारण उरलेलं नाही. अकरा वर्षं टिकेल अशी जमीन आणि अकरा वर्षं न बदलणारं वेळापत्रक, एवढं महापालिकेच्या हातात आहे आणि दुसऱ्या कुणाच्याही हातात नाही.

आता जमीन.

उघड्या मैदानावर काँक्रीट टाकताना पाणी वाहून जावं म्हणून शंभरात एक असा ढाळ द्यायचा, ही अभियांत्रिकीतली रास्त पद्धत आहे. स्केटिंगसाठी तीच घातक ठरते. २५ मीटर रुंदीत शंभरात एकने २५ सेंटिमीटरचा फरक पडतो. मधोमध उंचवटा ठेवून दोन्हीकडे ढाळ दिला तरी साडेबारा सेंटिमीटर. त्या जमिनीवर स्पिन एका जागी राहत नाही, उताराकडे सरकते. मुलगी ते सावरायला चढाच्या बाजूला अंग झुकवते आणि तोच झुकाव तिचा ‘सरळ’ होऊन बसतो. मग ती सपाट रिंकवर स्पर्धेला जाते आणि पहिल्याच स्पिनमध्ये उलट्या बाजूला ढासळते. प्रेक्षकांना वाटतं, घाबरली.

लट्झचं नुकसान याहून मोठं. हा जंप मागे जात, डाव्या पायाच्या बाहेरच्या एजवर लांब घसरत येऊन उडायचा असतो. बहुतेक मुली तो रिंकच्या कोपऱ्याजवळ घेतात, आणि पाणी काढून देण्यासाठी कोपरेच खोल ठेवलेले असतात. ढाळ पायाखाली आला की शेवटच्या क्षणी पाय आतल्या एजवर पडतो आणि लट्झचा फ्लिप होतो. तांत्रिक पंच चुकीच्या एजची खूण करतात आणि गुण कापले जातात. बर्फावरच्या गुणपद्धतीत तिहेरी लट्झचं मूळ मूल्य ५.९०, तिहेरी फ्लिपचं ५.३०. फरक थोडा वाटतो. पण चुकीच्या एजची सवय लागलेली मुलगी पूर्ण कारकिर्दीत दोन वेगळे जंप दाखवूच शकत नाही, आणि तेच तेच जंप पुन्हा पुन्हा करण्यावर नियमांचं बंधन आहे.

म्हणून छपराखालच्या रिंकला आत शून्य ढाळ हवा. पावसाचं पाणी बाहेरच्या बाजूच्या गटारीने न्यावं, जमिनीवरून नव्हे. सपाटीची कसोटी अशी : तीन मीटरची सरळ पट्टी कुठेही, कोणत्याही दिशेने ठेवली तर खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये. ही अट निविदेत लिहिलेली असावी आणि अंतिम बिलाआधी पट्टी प्रत्यक्ष ठेवून पाहावी. नंतर ग्राइंडिंग करून सपाटी आणता येते, पण वरचा कडक थर निघून जातो आणि मग धूळ सुटायला लागते.

पृष्ठभाग कोणता? आमचं मत ट्रिमिक्स (व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेतलेल्या) काँक्रीटच्या बाजूने आहे : वर हार्डनर, पॉवर ट्रॉवेलने घोटाई आणि पूर्ण सुकल्यावर पातळ पॉलियुरेथेन किंवा एपॉक्सीचा थर. लाकडी जमीन चाकांना सर्वांत गोड लागते, पण खाडीकाठच्या दमट हवेत पट्ट्या फुगतात आणि कडांना वर उचलल्या जातात, त्यामुळे लाकूड नको. व्हिट्रिफाइड टाइल्स निसरड्या. कोटा फरशी चालते, पण दोन फरशांच्या सांध्यात एक मिलिमीटरचा जरी उंबरठा राहिला तरी मागे जाणारं चाक तिथे अडकतं. टेनिस कोर्टावर लावतात तो खरखरीत अ‍ॅक्रिलिक रंग सर्वांत वाईट : चाक घट्ट धरलं जातं, अंग फिरत राहतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. तो दिसायला निळा-हिरवा सुंदर असतो म्हणून नेमका तोच निवडला जातो.

काँक्रीटमध्ये चार-पाच मीटरवर कापलेले सांधे येणारच. ते अर्धकठीण एपॉक्सीने काठोकाठ भरून घ्यावेत. फ्री स्केटिंगची (उड्या-गिरक्यांच्या प्रकाराची) चाकं साधारण ५७ मिलिमीटर व्यासाची असतात. पाच-सात मिलिमीटरची उघडी फट त्यांना पुरेशी ठेच देते.

स्लॅबखाली किमान २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद जोड चिकटवून अंथरावा. नवी मुंबईचा पश्चिमेकडचा बराच भाग भरावावर उभा आहे, पाणी वर आहे. हा कागद वगळला तर जमिनीतला ओलावा स्लॅबमधून वर येतो, एपॉक्सीला फोड येतात आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर पापुद्रे निघतात. मग दोष रंगाला दिला जातो आणि पुन्हा तोच रंग लावला जातो.

दव हा वेगळा शत्रू. पहाटे हवेतली आर्द्रता ९५ टक्क्यांवर गेली की दवबिंदू हवेच्या तापमानापेक्षा जेमतेम एक अंशाने खाली असतो. फरशी तेवढी गार असली की तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा बसतो. सकाळी सहाच्या बॅचमधली मुलं एकामागून एक पडतात ती यामुळे. प्रशिक्षक मग मऊ चाकं लावायला सांगतात. मऊ चाकं धरतात, पण स्पिनचा वेग खातात. वर्षभर दोन सेट बाळगायचे आणि ऋतूप्रमाणे बदलायचे, हा खर्च पालकांवर येतो. उपाय स्वस्त आहे : मोठ्या व्यासाचे, संथ फिरणारे छताचे पंखे, जे बॅचच्या तासभर आधी सुरू होतील. हवा हलती राहिली की पापुद्रा धरत नाही. पत्र्याच्या छतालाही आतून इन्सुलेशन हवं, नाहीतर रात्री गार झालेल्या पत्र्यावर साचलेलं पाणी पहाटे थेंब थेंब गळतं. शिवाय जुलैमधल्या सरीत उघड्या पत्र्याखाली संगीत ऐकू येत नाही, आणि संगीताविना प्रोग्रॅमचा (स्पर्धेत सादर करायच्या रचनेचा) सराव म्हणजे नुसती कवायत.

बाकीचं थोडक्यात. कठडा एक मीटर उंच आणि आतून गुळगुळीत असावा. आडव्या पाइपांचं रेलिंग नको, घसरत आलेलं पाऊल त्यात शिरतं आणि अंग पुढे निघून जातं. कठड्यापासून दोन मीटरच्या आत खांब नको. प्रकाश सगळीकडे सारखा हवा आणि दिवे स्पिन करणाऱ्याच्या थेट डोक्यावर नकोत. छताची स्पष्ट उंची किमान सहा मीटर ठेवावी आणि मधल्या दोन ट्रसवर भार घेणारे हुक बांधकामाच्या वेळीच बसवावेत. त्यांना केबल आणि हार्नेस लावून दुहेरी-तिहेरी जंप न पडता शिकवता येतात. हे हुक नंतर वेल्डिंग करून लावणं धोक्याचं आणि महाग, आधी बसवले तर ठेकेदाराला तो खर्च जाणवतही नाही.

रिंक बांधून झाल्यावर ते बिघडवण्याचं काम बहुतेक वेळा कार्यक्रम करतात. मंडपाच्या खांबांसाठी जमिनीत भोकं पाडली जातात, गरब्यात हजारो पायांखाली वाळू घासली जाते, लोखंडी खुर्च्या ओढल्या जातात, तेल सांडतं. भोक सिमेंटने बुजवलं तरी ती जागा वेगळ्या गतीने झिजते आणि वर्षभरात खळगा होतो. रिंक भाड्याने देऊन जे उत्पन्न मिळतं ते जमीन पुन्हा करण्याच्या खर्चासमोर काहीच नाही. तेव्हा ठराव करतानाच ‘स्केटिंगव्यतिरिक्त वापर नाही’ हे वाक्य घाला. सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींनाही बाहेरचा जॉगिंग ट्रॅक दाखवावा. त्यांच्या बुटांतून येणारी बारीक खडी सबंध दिवसभर चाकाखाली राहते. ज्येष्ठांशी हा वाद घालायला एकही प्रशिक्षक तयार होत नाही, तेव्हा पाटी तुमचीच हवी. सफाई कोरड्या मोठ्या मॉपने करावी. फिनेलच्या पाण्याने पुसलं की वर तेलकट थर राहतो.

स्पीडची मुलं आणि आर्टिस्टिकची मुलं एकाच वेळी एका जमिनीवर नकोत. स्पीडचा गट कडेने वेगात फिरतो आणि लट्झसाठी मागे जाणाऱ्या मुलीला पाठीमागचं दिसत नाही. या धडकेत मनगट किंवा दात जातात. स्पीडसाठी वळणं उचललेला ट्रॅक लागतो, तो वेगळा बांधावा. जागा एकच असेल तर ट्रॅकच्या आतली मोकळी जमीन वरच्या अटींप्रमाणे सपाट करून तास वाटून घ्यावेत.

तासांबद्दल आमचा आग्रह जमिनीइतकाच आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला आठवड्यात तीन दिवस पाऊण तास पुरतो. नऊ-दहाव्या वर्षी, सगळे एकेरी जंप बसून अ‍ॅक्सलची तयारी चालू असते तेव्हा, पाच दिवस दीड तास लागतो. बारा-तेराव्या वर्षी दुहेरी अ‍ॅक्सल आणि पहिल्या तिहेरीसाठी सहा दिवस दोन ते अडीच तास, शिवाय जमिनीवरचा व्यायाम वेगळा. एका वेळी ५० बाय २५ च्या रिंकवर शिकाऊ मुलं चाळीस चालतात, पण जंप करणारी वीसच. साठ मुलांच्या बॅचमध्ये कुणीच पूर्ण वेगाने जंपला जाऊ शकत नाही. मुली मग वेग कमी ठेवून नुसत्या उंच उडी मारायला शिकतात आणि मोठ्या रिंकवर गेल्यावर त्यांचा जंप वेगाबरोबर जुळत नाही. बॅचची संख्या वाढवून शुल्क गोळा करणं सोपं आहे, म्हणून ही मर्यादा ठेकेदाराच्या करारात लिहिलेली असावी. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते नऊ यांतले रोज किमान तीन तास आर्टिस्टिकसाठी राखीव ठेवले तर एका रिंकवर शिकाऊंचा एक आणि जंपवाल्यांचा एक गट नीट चालतो.

दहावीचं वर्ष हे या खेळातलं सर्वांत मोठं गळतीचं वर्ष. क्लासच्या वेळा संध्याकाळी, रिंकच्या वेळाही संध्याकाळी. पंधराव्या-सोळाव्या वर्षी, म्हणजे नव्या नियमांनुसार खरी कारकीर्द सुरू होण्याच्या तोंडावर, मुली बूट विकून टाकतात. दुपारी दोन ते चारचा एक गट दहावी-बारावीच्या खेळाडूंसाठी ठेवला तर त्यातल्या काही टिकतील. रिंक त्या वेळी एरवी रिकामंच असतं.

बूट विकण्यावरून आठवलं. वाढत्या वयात पाय दर आठ-दहा महिन्यांनी बूट सोडतो. घट्ट बुटात अंगठा वाकतो, सैल बुटात टाच उचलली जाते आणि एज हरवते. मोठा घेऊन दोन जोड मोजे घालायची युक्ती पालकांनी सोडून द्यावी, ती घोट्याला भोवते. क्रीडा विभागाने २० ते २६ सेंटिमीटर लांबीच्या पायांसाठी बूट, प्लेट (बुटाखालचा, चाकं बसवायचा सांगाडा) आणि चाकांची पेढी सुरू करावी : अनामत ठेवायची, बूट न्यायचे, लहान झाले की परत आणून पुढचा आकार घ्यायचा. प्लेटचे ट्रक (चाकांचे आस धरणारे भाग) आणि त्यांतले रबरी कुशन नीट राखले तर वर्षानुवर्षं टिकतात. झिजतात ती चाकं आणि बेअरिंग. पेढीवर एक कारागीर हवा, ज्याला कुशन मुलाच्या वजनाप्रमाणे बदलता येतात. वीस-बावीस किलोच्या मुलाला मोठ्या माणसाची कडक कुशन दिली तर त्याला एज धरताच येत नाही आणि प्रशिक्षक ओरडत राहतो, “गुडघा वाकव!”

शरीराचा हिशेबही मांडायला हवा. तिहेरी जंपमध्ये मुलगी हवेत जेमतेम ०.६ ते ०.७ सेकंद असते, आणि उतरताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त भार येतो. साधारण अकरा ते तेराच्या सुमारास उंची झपाट्याने वाढते, हाडांची टोकं अजून मऊ असतात, आणि नेमके तेव्हाच दुहेरी-तिहेरी जंप शिकायचे असतात. टाच, गुडघ्याखालचा उंचवटा आणि कंबर या तीन जागा आधी बोलतात. लिपिन्स्कीच्या खुब्यावर अठराव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण मिळवणारी युलिया लिपनित्स्काया एकोणिसाव्या वर्षी खेळातून बाहेर पडली, खाणं तुटण्याच्या आजारावर उपचार घेऊन. वजन कमी केलं की काही महिने जंप सोपे जातात, हे खरं आहे, आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. पोट उपाशी राहिलं की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात आणि पुढचा जंप हाड घेऊन जातो.

यात महापालिका काय करू शकते? आठवड्यातून दोन संध्याकाळी रिंकवर फिजिओथेरपिस्ट बसवू शकते. प्रशिक्षकाच्या करारात दोन अटी घालू शकते : प्रत्येक मुलाच्या उतरण्यांची रोजची नोंद ठेवायची, आणि सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करायचं नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी दिवसाला चाळीस-पन्नास उतरणी ही आमच्या मते वरची मर्यादा. पडलेल्या जंपाही त्यात मोजायच्या. मुलं त्या लपवतात.

पडण्याची किंमत बर्फावरच्या गुणांतही कळते. तिहेरी लट्झ पूर्ण फिरून पडली तर ५.९० मधून सर्वांत वाईट दर्जाचे पन्नास टक्के, म्हणजे २.९५ जातात, वर पडण्याचा एक गुण वेगळा. हातात १.९५ उरतात. स्वच्छ दुहेरी अ‍ॅक्सलला ३.३० मिळतात. अर्धवट बसलेली तिहेरी स्पर्धेत दाखवायची घाई का करू नये, हे पालकांना या एका बेरजेत समजावं.

आता बर्फ. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये एकेकाळी बर्फाचं रिंक होतं आणि तिथे कठडा धरून चालण्याचा आनंद मुंबई-ठाण्याच्या एका पिढीने घेतला. मौजेचं रिंक आणि खेळाचं रिंक यांत एवढाच फरक आहे की दुसऱ्यावर कठडा सोडायला जागा आणि वेळ मिळतो. देहरादूनचं हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी उभं राहिलं, नंतर कितीतरी वर्षं बंद पडून होतं आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. बांधण्याच्या निधीबरोबर पाच वर्षं चालवण्याचा निधी वेगळा काढल्याशिवाय बर्फाचा नारळ फोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तरीही बांधायचंच ठरलं तर दोन्ही शहरांनी मिळून एकच बांधावं, पूर्ण मापाचं, ६० मीटर बाय ३० मीटर. जागा ट्रान्स-हार्बर मार्गावर, ऐरोली ते महापे या औद्योगिक पट्ट्यात, पारसिक डोंगराच्या पायथ्याकडे पाहावी. ठाण्याहून आणि वाशीहून मुलं लोकलने येऊ शकतात, जमीन भरावाची नाही, आणि तिथल्या डेटा सेंटरांमुळे मोठे चिलर सांभाळणारे तंत्रज्ञ आसपास आहेत. भरावावर बर्फाचा स्लॅब टाकला तर खालची ओली माती गोठून फुगते आणि स्लॅब वर उचलला जातो. म्हणून जागा कोणतीही असो, स्लॅबखाली जाड इन्सुलेशन आणि त्याखाली मातीला गोठू न देणारे कोमट पाण्याचे पाइप लागतातच. किंमत कमी करताना पहिली कात्री याच पाइपांना लागते.

तीन सेंटिमीटर जाडीचा बर्फ धरला तर ५४ घनमीटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर, आणि ते एकदाच. पण प्रत्येक वेळी पृष्ठभाग नवा करताना ०.३ मिलिमीटरचा थर दिला तरी साडेपाचशे लिटर जातात, आणि दिवसातून सात-आठ वेळा ते करावं लागतं. मोरबे धरणाचं गोड पाणी यासाठी वापरायचं तर खरवडलेला बर्फ वितळवून कूलिंग टॉवरला परत द्यावा, गटारात सोडू नये. क्षारांचं प्रमाण जास्त असेल तर बर्फ मऊ आणि गढूळ होतो, तेव्हा आरओ लागेल.

थंडीपेक्षा ओलावा अवघड. चिलर शंभर टनांच्या वरचा लागेल, घरातला एसी दीड टनाचा असतो. पण नुसता चिलर लावून बर्फ टिकत नाही. मुंबईची हवा आत शिरली की तिच्यातलं पाणी बर्फावर गोठून खरखरीत दवाचा थर होतो, मधल्या हवेत धुकं धरतं आणि छतावरून थेंब पडून बर्फावर टेंगळं उठतात. टेंगळावर ब्लेड गेलं की मुलगी तोंडावर. हॉलमधल्या हवेचा दवबिंदू दोन-तीन अंशांच्या आसपास ठेवणारी स्वतंत्र ओलावा काढणारी यंत्रणा आणि दुहेरी दरवाजे हे निविदेतले पहिले कलम असावं. वीज गेली तर बर्फ काही तास तग धरतो, पण धुकं लगेच येतं. तेव्हा जनरेटरवर आधी ही यंत्रणा घ्यावी, मग चिलर.

फिगर स्केटिंगला बर्फ उणे साडेतीन ते उणे चार अंशांचा लागतो. हॉकीला त्याहून थंड आणि टणक लागतो. टणक बर्फावर एज बसत नाही आणि टो-पिकने ढलपे उडतात. वेळापत्रकात दोन्ही खेळ असतील तर मधे तापमान बदलायला काही तास सोडावे लागतात. ब्लेडला धार लावणारा माणूसही हवा. फिगरच्या ब्लेडला लांबीत सात-आठ फूट त्रिज्येचा वक्र असतो आणि खालून अर्ध्या इंचाच्या आसपास त्रिज्येची खाच. हॉकीच्या सवयीने धार लावली तर वक्र सपाट होतो, खालचा दात झिजतो आणि लाखाच्या घरातला जोड एका बैठकीत वाया जातो.

एक इशारा. ‘आइस रिंक’ असं निविदेत मोघम लिहिलं तर प्लास्टिकच्या पाट्यांचं कृत्रिम रिंक मिळू शकतं. त्यावर ब्लेड अडखळतं, धार काही तासांत जाते आणि लांब घसरणं शिकताच येत नाही. मॉलमधल्या १० बाय २० मीटरच्या तुकड्याचंही तेच, तिथे तिहेरी जंपसाठी लागणारा वेग धरेपर्यंत कठडा येतो. तेव्हा ‘गोठवलेल्या पाण्याचा पृष्ठभाग, ६० बाय ३०’ असं शब्दशः लिहा.

या वर्षीच्या अंदाजपत्रकात एवढंच बसणार असेल तर प्राधान्य असं असावं. ज्या संकुलात आधीच छप्पर आहे तिथे ढाळ काढून जमीन नव्याने करा. त्याच ठरावात मंडपबंदी आणि राखीव तास घाला. पुढच्या वर्षी बुटांची पेढी आणि फिजिओ. बर्फासाठी सध्या फक्त जागेची माती तपासून घ्या आणि महावितरणकडे वीजभाराची चौकशी करा. जमिनीचा नकाशा मंजुरीला जाण्याआधी एकदा आम्हाला दाखवावा, दुरुस्त्या पेन्सिलीने करून दोन दिवसांत परत देऊ.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतील आर्टिस्टिक स्केटिंगचे प्रशिक्षक, तांत्रिक पंच आणि स्केट दुरुस्त करणारे कारागीर